मार्टिनचा हंस आणि लिबुशाचं पीप

संत मार्टिनच्या दिवशी, नोव्हेंबरातल्या हंस भाजायच्या सणाला, वेंडेलिन आजोबा सकाळपासून कुणाशीही भांडले नाहीत, तेव्हाच लिबुशा सावध झाली.

आजोबा भांडत असले की घर सुरळीत चाललंय असं समजायचं, हा तिचा लहानपणापासूनचा हिशेब. चुलीत ओलं लाकूड कुणी घातलं, कोंबड्यांचं दार उघडं कुणी टाकलं, द्राक्षांच्या वेलींची छाटणी शेजाऱ्याने आपल्या आधी कशी काय केली, असलं काहीही त्यांना पुरायचं. आज मात्र दाढी करून, पांढरा शर्ट घालून ते खिडकीशी बसले होते आणि बाहेरच्या उतरणीकडे बघत होते. पट्ट्याला वाइनच्या तळघराची लोखंडी किल्ली. आजी होती तेव्हापासून ती तिथेच लटकत आली होती आणि आज संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या तरी दुसऱ्याच कमरेला जाणार होती.

कुणाच्या, ते दोन घासांवर आणि एका ग्लासावर ठरणार होतं.

लिबुशाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला जे रणकंदन झालं, त्यातूनच हे निघालं होतं. रादोवान, हर्मिना आत्याचा मुलगा, त्या दिवशी म्हणाला होता, आजोबा, आता पिपांचे दिवस गेले, तळघरात स्टीलच्या टाक्या बसवू, हलकी ताजी वाइन काढू, शनिवार-रविवारी ब्रातिस्लावाहून लोक सायकली घेऊन येतात, त्यांना तीच लागते. लिबुशा म्हणाली होती, आणि माझं पीप? तिने मोठ्या हट्टाने नवं ओकच्या लाकडाचं लहान पीप करून घेतलं होतं आणि त्यात आपल्याच उतरणीवरची फ्रँकोव्हका, ती काळसर लाल वाइन, मुरत ठेवली होती. रादोवान हसून म्हणाला, "तुझं पीप मधोमध कापू आणि फाटकाच्या दोन बाजूंना ठेवून त्यात जिरेनियम लावू. फार शोभेल!"

तेव्हा आजोबांनी टेबलावर हात आपटला होता. "मार्टिनला बघू. हंसाबरोबर हिची ती लाकडी वाइन मी दुसऱ्यांदा मागितली, तर किल्ली हिची. नाही मागितली, तर रादोची. आणि मग कुणी रडायचं नाही."

मागितली म्हणजे ग्लास पुढे केला. या घरात वाइनची स्तुती तोंडाने करायची पद्धत नव्हती. 'वा' म्हणणं हे पाहुण्यांचं काम. घरच्याने रिकामा ग्लास न बोलता पुढे करायचा, एवढंच. आजोबांनी नातीच्या वाइनपुढे आजवर तो केलेला नव्हता.

"पोरी, खिडकीकडे बघून हंस भाजत नाही," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "आणि तुझा लेक माझं लाटणं खातोय."

झोफिया सासूबाई पिठात कोपरापर्यंत बुडाल्या होत्या. उकडलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे लोक्शे, त्या कोरड्या तव्यावर टाकत होत्या आणि निघालेल्या प्रत्येक पोळीला पिसाने हंसाची चरबी लावत होत्या. ओंद्रिक टेबलाखाली चादरीवर बसून लाटण्याचं टोक हिरड्यांनी दाबत होता. लाळेने छाती ओली. दात येत होते. गेला आठवडाभर त्याने आईला धड झोपू दिलं नव्हतं. लिबुशाने त्याला उचललं, मानेला नाक लावलं. दुधाचा आणि पिठाचा वास.

"आई, मला भीती वाटतेय."

"कशाची? वाइनची की म्हाताऱ्याची?"

"तुम्ही शेवटची कधी चाखलीत?"

"परवाच नाही का! हंस मागत होती म्हणून सांगितलं ना तुला."

हे गुपित घरात फक्त या दोघींना ठाऊक होतं. ज्या वाइनवर आज किल्ली पणाला लागली होती, ती लिबुशाने गेल्या उन्हाळ्यापासून जिभेवरही ठेवलेली नव्हती. आधी दिवस गेले, मग वासच सहन होईना, मग अंगावर पाजणं. पिपातलं रोजचं काम ती करायचीच. पातळी उतरली की वरून भरायची, बुचाला कान लावायची, काचेच्या लांब नळीने थोडी काढून उजेडात रंग बघायची. पण चव? त्यासाठी तिने सासूबाईंना तळघरात नेलं होतं. सासूबाई उत्तरेच्या ओरावाच्या डोंगरातल्या, मेंढपाळांच्या घरच्या. त्यांच्या मते वाइन हे माणसाने मेंढ्या नसल्यामुळे काढलेलं पेय.

"मला कळत नाही त्यातलं," त्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या.

"कळू नका. फक्त सांगा, हिच्याबरोबर काय खावंसं वाटतं?"

मग दर काही दिवसांनी त्या एक घोट घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या. पहिले काही महिने, "काही मागत नाही. रुसलीय." थंडीत, "धुरातलं डुकराचं मांस मागतेय, आणि जरा रागानेच मागतेय." ईस्टरच्या सुमाराला, "आज हरीण हवंय हिला. रानगुलाबाच्या फळांचा रस्सा घातलेलं. आमच्याकडे लग्नात करतात तसलं." उन्हाळ्यात, "मेंढीचं धुरी दिलेलं चीज! अगं, ही माझ्या माहेरी जाऊन आली की काय?" आणि परवा, बराच वेळ डोळे मिटून, "हंस. पण नुसता नको. चरबी आणि कलेजी."

लिबुशाने या शब्दांवर विसंबून पीप हाताळलं होतं. कधी थांबायचं, कधी हवा लागू द्यायची, कधी हातच लावायचा नाही. आज वाटत होतं, आपण सासूच्या भुकेवर आख्खं तळघर लावून बसलो.

दाराशी गाडी वाजली. हर्मिना आत्या आली, दोन्ही हातांत निळं, कडांचे टवके उडालेलं इनॅमलचं पातेलं धरून, जणू चर्चमधली मूर्ती. मागे रादोवान, खोक्यात त्याची यंदाची ताजी वाइन.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा! आईचा कोबी आहे!"

आत्याच्या आईचा, म्हणजे लिबुशाच्या आजीचा, लाल कोबी. सफरचंद, साखर, मध आणि शहाजिरं घालून हळूहळू शिजवलेला. आजी गेल्यापासून आत्या तो दर मार्टिनला त्याच पातेल्यात करून आणायची, आणि त्याला कुणी कमी म्हणेल अशी या घरात कुणाची छाती नव्हती. मागे मातूशने, लिबुशाच्या नवऱ्याने, लग्नानंतरच्या पहिल्याच मार्टिनला 'जरा गोड आहे का?' असं निरागसपणे विचारलं होतं. आत्याने पुढचं वर्षभर त्याला 'मीठवाले जावई' म्हणून हाक मारली.

"या विहीणबाई," झोफिया सासूबाई पीठ झटकत म्हणाल्या. "हात रिकामे असते तर मिठी मारली असती."

"राहू द्या, शर्ट काळा आहे माझा. काय हो, डोंगरातून अजून पीठ येतं का तुमच्याकडे, की आता आमचंच खाता?"

"तुमचंच खाते. म्हणून तर वजन उतरलं."

रादोवानने ओंद्रिकच्या गालाला चिमटा काढला. "काय रे, जिरेनियम लाल आवडतात की पांढरे?"

"त्याला तुझं बोट आवडतं," लिबुशा म्हणाली. "जपून. वरचा एक दात आलाय."

जेवायला बसले ते भर दुपारी. आजोबांनी हंसाचं सूप झाल्यावर रादोवानच्या ताज्या वाइनचा ग्लास उचलला, एका दमात संपवला आणि खाली ठेवला.

"कशी आहे?" रादोवानने विचारलंच. पाहुण्यांच्या सवयी लागल्या होत्या त्याला.

"छान. तहान भागली."

मातूश नॅपकिनमध्ये खोकला. रादोवान मात्र खूश झाला. त्याला वाटलं, झालं आपलं.

मग हंस आला. कातडी काचेसारखी कडकडीत, तबकात चरबी अजून बुडबुडत होती. लिबुशाने तळघरातून सकाळीच काढून ठेवलेली सुरई आणली आणि सगळ्यांच्या ग्लासांत ओतली. वाइन इतकी गर्द होती की आजोबांच्या पांढऱ्या शर्टावर तिची सावली पडली. तिने सुरई दोन्ही हातांनी धरली होती, बाळाला धरावं तशी.

आत्याने आजोबांच्या ताटात पहिला मान म्हणून डावभर कोबी वाढला. आजोबांनी कोबीचा मोठा घास घेतला, चावला, आणि त्यावर वाइनचा घोट.

तोंड असं झालं की ओंद्रिकसुद्धा थांबून बघायला लागला.

"फळी," आजोबा म्हणाले.

"काय?"

"फळी चावल्यासारखं लागतंय. वर कडू. लिबा, तू द्राक्षं पिळलीस की पीपच पिळलंस?"

टेबलावर हशा पिकला. रादोवान सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि हसता हसता लिबुशाच्या चेहऱ्याकडे बघून जरा बावरला, कारण मुळात तो वाईट नव्हता. लिबुशाही हसली, हसावं लागतं म्हणून. पण डोक्यात लख्ख उजेड पडला होता. कोबी! गोड घासावर ओकमधली कुठलीही वाइन कडूच लागणार. साखरेने तिचं सगळं फळ चोरलं आणि मागे नुसतं लाकूड ठेवलं. एवढं साधं होतं, आणि तिच्या आधी लक्षात आलं नव्हतं, कारण सासूबाईंनी त्या वाइनबरोबर कधी कोबी मागितलाच नव्हता.

आणि ते सांगायचं कसं? 'आजोबा, दोष वाइनचा नाही, कोबीचा आहे.' म्हणजे आजीचा. निळ्या पातेल्याचा. गेलेल्या माणसाच्या हातचा. किल्ली मिळाली असती, पण आत्याने उरलेलं आयुष्य तिच्याशी अबोला धरला असता. आणि खरं सांगायचं तर आजोबांनीही. ते दर मार्टिनला तो कोबी डोळे खाली घालून खायचे, आणि कुणी काही विचारत नसे.

आजोबांनी पुन्हा कोबी उचलला. पुन्हा ग्लासाकडे हात. लिबुशाने ओठ आवळले. आता दुसरा घोट, आणि मग ग्लास बाजूला सरकणार.

"विहीणबाई!" झोफिया सासूबाई एकदम ओरडल्या. "एवढा चांगला कोबी आणि मला इवलासा वाढलात? आम्हा डोंगरातल्या माणसांना म्हणून हात आखडता का?"

"अगं बाई! घ्या की!"

"घ्या की काय, आणा इकडे." आणि सासूबाईंनी टेबलावर आडव्या होऊन निळं पातेलंच उचललं, स्वतःपुढे ठेवलं, आणि जाता जाता आजोबांच्या ताटातला कोबीही चमच्याने ओढून घेतला. "व्याही, तुम्ही हा जन्मभर खाल्लाय. मला दोनच मार्टिन मिळालेत."

"अहो, माझ्या ताटातला..."

"तुम्हाला त्याबदली देते की." त्यांनी एका लोक्शावर हंसाची कलेजी कुस्करली, कुरकुरीत झालेल्या चरबीचे तुकडे पसरले, मीठ भुरभुरलं, गुंडाळी केली आणि आजोबांच्या हातात दिली, लहान मुलाला देतात तशी. "चावा. आणि अधूनमधून काहीतरी पीत जा, अडकेल."

लिबुशाला माहीत होतं की सासूबाईंना गोड कोबी बघवतसुद्धा नाही. ओरावात कोबी आंबट असतो; गोड कोबीला त्या खासगीत 'केक पडलेलं गवत' म्हणत. आणि आता त्याच सासूबाई डावाडावाने तो खात होत्या, आणि प्रत्येक घासाला आत्याकडे बघून मान डोलावत होत्या. आत्याचे डोळे भरून आले.

"मीठवाले जावई," ती मातूशला म्हणाली, "आईकडून शिका काहीतरी."

"शिकतोय, आत्या," मातूश म्हणाला. आईकडे बघत होता, आणि त्याला सगळं कळलं होतं. त्याने टेबलाखालून बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आजोबांनी लोक्शाचा घास घेतला. चावला. एक घोट घेतला.

या वेळी तोंड वाकडं झालं नाही.

दुसरा घास. दुसरा घोट, जरा लांब. ग्लास खाली ठेवताना ते त्याच्याकडे असे बघू लागले, जसा एखादा ओळखीचा माणूस नव्या टोपीत दिसावा. मग लोक्शा संपला म्हणून त्यांनी दुसरा मागितला, कारण वाइन शिल्लक होती. मग वाइन संपली आणि लोक्शा शिल्लक राहिला. ते त्या उरलेल्या तुकड्याकडे बघत बसले. हात ग्लासावर. बोटं काचेवर वाजत होती. पण ग्लास जागचा हलला नाही.

हलला तो दुसराच. रादोवान ताज्या छाटणीबद्दल काहीतरी सांगता सांगता, तोंडात हंसाचा पाय, विसरून आपला रिकामा ग्लास लिबुशापुढे धरून बसला होता.

लिबुशा त्याच्याकडे बघत राहिली. आत्याने टेबलाखालून लाथ मारली, पण ती मातूशला लागली.

"आई गं!"

"काय झालं?" रादोवान म्हणाला, आणि मग त्याला आपला हात दिसला. कानापर्यंत लाल झाला. "हे... हंस खारट झालाय. तहान लागली."

"तहानेला तुझी आहे ना, स्टीलमधली?" मातूश पोटरी चोळत म्हणाला. "सायकलवाल्यांची?"

"ओत गं," रादोवान पुटपुटला. "ओत आता. किती वेळ धरू?"

लिबुशाने ओतली. मग मातूशने धरला. मग, भावाच्या मुलीकडे न बघता, जणू ग्लास आपणहून पुढे सरकला असावा तसा, आत्याने. सुरई रिकामी झाली. शेवटचा एक थेंब तिच्या तोंडाशी लोंबत राहिला.

आजोबा अजून तसेच बसले होते. एवढ्यात ओंद्रिक रडायला लागला, ते दातांचं, चिडकं, खालच्या सुरातलं रडणं. लिबुशा उठायला लागली.

"थांब. त्याला इकडे आण," आजोबा म्हणाले. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, बोटाने त्याची हिरडी चाचपली आणि भुवया उंचावल्या. "अरे, याला चावायला काहीतरी थंड पाहिजे. लाटणी कसली देता? याच्या बापाच्या वेळी आम्ही..."

"त्याच्या बापाच्या वेळी तुम्ही नव्हता हो, व्याही. मी होते," सासूबाई कोबीच्या आडून म्हणाल्या.

"याच्या आईच्या वेळी, मग!" आजोबांनी पट्टा सैल केला, कडी उघडली आणि ती लोखंडी, तळहाताएवढी किल्ली ओंद्रिकच्या मुठीत दिली. बाळाने ती तत्काळ तोंडात घातली आणि रडणं थांबवलं.

"आजोबा, गंज असेल तिला!" लिबुशा धावलीच.

"गंज? रोज वापरतोय मी ती. फार तर थोडी वाइन लागेल त्याला, आपल्याच घरची." त्यांनी बाळाला किल्लीसकट तिच्या हातात दिलं. "घे. लाळेने भिजलीय. आता मला परत नको."

रादोवानने एक लांब श्वास सोडला, आणि तो दुःखाचा होता की सुटकेचा, ते त्यालाही कळलं नसावं. आत्याने नाक पुसलं. "बरं झालं," ती म्हणाली, "नाहीतर याने तळघरात सायकलवाल्यांसाठी खुर्च्या मांडल्या असत्या."

लिबुशाला किल्लीचं वजन बाळाच्या मुठीतून जाणवत होतं.

आणि तेव्हा आजोबांनी ग्लास उचलला, हात लांब केला, आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे धरला.

"आता ओत."

सुरई रिकामी होती. लिबुशाने ती वाकवून बघितली. तोंडाशी लोंबणारा तो एक थेंब तिने करंगळीवर घेतला, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा जिभेवर टेकवला. डोळे आपोआप मिटले. चेरी, मग धूर, मग लाकडाची एक ऊब, आणि अगदी शेवटी काहीतरी अजून न जुळलेलं, कुरकुरणारं, बाळासारखं.

"काय मागतेय?" झोफिया सासूबाईंनी विचारलं. वर्षभर हा प्रश्न दुसऱ्या बाजूने यायचा.

"झोप," लिबुशा म्हणाली.

"ती मागतेय की तू?"

"दोघी." तिने डोळे उघडले. "आजोबा, पीप आज पुन्हा काठोकाठ भरून बंद केलंय. या आठवड्यात बाटल्यांत काढीन, आणि मग पुढच्या मार्टिनपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"मी मागतोय!"

"ऐकलं."

"अगं, जन्मात पहिल्यांदा मागतोय! पुढच्या मार्टिनला मी असेन की नसेन!"

"म्हणून तर ठेवतेय," लिबुशा म्हणाली.

आजोबांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी रिकाम्या ग्लासात पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग किल्ली चघळणाऱ्या पणतवाकडे. मग त्यांनी तो ग्लास सावकाश आपल्या ताटाशेजारी पालथा घातला आणि वर तळहात ठेवला.

"हा कुणी धुवायचा नाही," ते म्हणाले. आणि लगेच मान वळवून, आवाज चढवून, "आणि रादो, गधड्या, हंसाचा पाय असा कापतात? इकडे आण ती सुरी! याला आई आहे की नाही? चुलीत ओलं लाकूड कुणी घातलंय, धूर बघा किती होतोय..."